गाळ कुणाचा?

बुजलेली विहीर. दारावर नवी पाटी : 'कोळशाच्या गोळ्या मिळतील.' कोपरापर्यंत काळे झालेले शिंपीणबाईंचे हात.

शेजारच्या कोळसा खाणीने नाला वळवून त्यांच्या परसाला खेटून नेला आणि पहिल्याच पुरात विहीर काळ्या गाळाने भरली. तक्रार घेऊन गेलं की मॅनेजर हसायचा. "मावशी, हा गाळ आमचा नाहीच. नाल्याने कुठून आणला, ते नाल्यालाच विचारा."

बाई दातओठ खात परतायच्या. मग एक दिवस त्यांनी तोच गाळ उपसून गोळ्या वळायला घेतल्या.

"वहिनी, डोकं फिरलंय का तुझं?" नणंद ओरडली.

"फिरू दे. तू बादली ओढ."

चार दिवसांत मॅनेजर हवालदाराला घेऊन दारात हजर! "चोर आहे ही बाई! हा कोळसा आमच्या खाणीतला आहे. कण न् कण आमचा!"

शिंपीणबाईंनी सावकाश हात पुसले. "हवालदारसाहेब, हे जसंच्या तसं लिहून घ्या. आणि यांचा कोळसा माझ्या विहिरीत कसा आला, तेही विचारा."



आवाज बदलून, खाणीच्या कचेरीत फोन करून या 'चोरी'ची खबर शिंपीणबाईंनीच दिली होती.