बिरोबाचं जावळ

पाण्याचा कॅन भरून धुरपा उड्डाणपुलाखाली परतली, तर तिचा पोरगा फुगा घेऊन खिदळत होता. त्याच्या डोक्याचा पार गोटा झाला होता.

"उवा गेल्या!" परदेशातून बेघरांच्या सेवेला आलेली पोरगी मोडक्या मराठीत म्हणाली.

धुरपा कॅन ठेवून पोराजवळ बसली. गावच्या बिरोबापुढे, मामाच्या मांडीवर जावळ काढायचा नवस होता. गावचं घर गेलं, तरी त्या केसांपायी एकदा तिकडे जायचंच, असं ती पोराला रोज सांगायची.

"केस कुठायत गं?"

पोरीनं निघालेल्या कचरागाडीकडे बोट दाखवलं. धुरपाचा चेहरा बघून ती बावरली. तिला रागवावं तरी कसं? परक्या कुणी इतक्या मायेनं त्या डोक्याला कधी हात लावला नव्हता.

"बरं केलंस," धुरपा कशीबशी म्हणाली.

पोरगा मांडीत शिरला. "आये, केस तर काढले. आता गावाला कशाला जायचं?"