तापाच्या वॉर्डातली एकटी

आई गेल्याचा फोन आला तेव्हा विशाखा सिस्टर तापाच्या वॉर्डात एका म्हातारबाबांना पाणी पाजत होत्या. पेशीवरच्या ज्या प्रथिनाला धरून या तापाचा विषाणू आत शिरतो, ते सिस्टरांमध्ये जन्मतःच वेगळ्या घडणीचं होतं. विषाणूला तिथे पकडच मिळत नसे. तपासणीत हे कळल्यापासून त्या वॉर्डात दुसऱ्या कोणी पाऊल टाकलं नव्हतं.

काचेपलीकडून डॉक्टर सरनाईक म्हणाले, "फार वाईट झालं. पण सुटी कशी देऊ? आत पाठवायला माणूस नाही. तुम्हाला तर काही होत नाही."

"मला काही होत नाही?" सिस्टरांचा आवाज चढला नाही. "आई गेलीय माझी. पूर्वी तुम्ही सगळे संरक्षक सूट घालून आत येत होतात, एकालाही लागण झाली नव्हती. मी सापडले आणि तुम्ही सूट खुंटीला टांगलेत."

डॉक्टरांनी खुंटीवरच्या सूटकडे पाहिलं.

"घाला तो. तुम्ही आत आलात की मी निघते."

बऱ्याच वेळाने डॉक्टर सूट घालून आत आले. म्हातारबाबांनी डोळे किलकिले करून विचारलं, "सिस्टर, हे कोण?"

"तुमचे डॉक्टर," त्या म्हणाल्या. मग बाहेर येऊन, जंतुनाशकाने अंघोळ उरकून त्यांनी भावाला फोन लावला. "आईला नेऊ नका रे, मी निघालेय."