उंबराच्या पोटात

“उंबराचं फूल दाखवू का, मावशी?” उद्धव सहज बोलून गेला आणि गोजाबाईच्या हातातला खराटा जागीच थांबला.

रविवारची सकाळ होती. रहाटणीतल्या त्या अंगणात उंबरांचा सडा पडला होता. तो लोटता लोटता गोजाबाई आपल्या भाडेकरूला बोलली होती, “कंपनीत लागल्यापासनं तुमी तर उंबराचं फूल झालात.” उद्धव परभणीकडचा. वनस्पतिशास्त्र शिकून पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात, प्रयोगशाळेत लागला होता.

“असली थट्टा नका करू,” ती म्हणाली.

“थट्टा नाही. बसा इथं.”

त्याने फांदीवरचं एक उंबर तोडलं. लाली चढू लागलेलं, पण अजून टणक. चाकूने ते मधोमध कापलं आणि खिशातलं भिंग तिच्या हातात दिलं. “हे डोळ्याशी धरा. आता उंबर जवळ आणा.”

गोजाबाई बघत राहिली. आतल्या भिंतीला चिकटून मोहरीहून लहान काहीतरी दाटीवाटीने उभं होतं. प्रत्येकाला आपला देठ, आपला तुरा.

“ही सगळी फुलं,” उद्धव म्हणाला. “ती बाहेर येतच नाहीत. आतच फुलतात.”

“समदी?”

“समदी. एकेका उंबरात शेकड्यांनी.”

भिंग न हलवता ती म्हणाली, “सोळा वर्सांची व्हते. सासूनं ह्याच झाडाखाली बसवलं. फूल दिसलं तर कूस उजवंल म्हनाली. सात पुनवा बसले. न्हाई दिसलं. मंग घरात छबू आली.”

छबूबाई, तिची सवत, ओसरीवर तांदूळ निवडत होती. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. दोघी एकाच चुलीवर होत्या. छबूबाईने मान वर केली नाही, पण तिचा हात सुपात थांबला.

उद्धव ओशाळला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने चाकूच्या टोकाने एक पिवळसर किडा दाखवला.

“हा बघा, नर. ह्याला पंख नाहीत, धड दिसतही नाही. इथंच जन्मतो. मादीला बाहेर पडता यावं म्हणून भिंत कोरून वाट करतो आणि बहुतेक वेळा इथंच मरतो. मादी फुलांचे पराग अंगावर घेऊन त्या वाटेनं निघते आणि दुसऱ्या झाडाचं कोवळं उंबर शोधते. ती गेली नाही तर त्या उंबरात बी धरत नाही. आणि उंबर नसलं, तर तिला अंडी घालायला जगात दुसरी जागा नाही.”

“ही चिलटं? आमी तर फुकून टाकतो आन खातो.”

“सगळेच टाकतात.”

“आन त्या आंधळ्याला कसं कळतं, भाईर काय हाय म्हनून?”

उद्धवला प्रश्न आवडला. कॉलेजात त्यानेही हाच विचारला होता. पण तो उत्तर देण्याआधीच तिने हात जोडले. “देवाबिगर कोन शिकवनार त्याला?”

इथे गप्प बसता आलं असतं. पण उद्धवला खोटं बोलवेना.

“मला तसं नाही वाटत, मावशी. हे कुणी बसून बेतलेलं नाही. लाखो वर्षं चाललंय. ज्यांचं जमलं ते टिकले, ज्यांचं नाही जमलं ते गेले. तेवढंच. तरी भिंग लावलं, की दर वेळी माझीही बोलती बंद होते.”

“कुनीच न्हाई बेतलं?”

“कुणीच नाही.”

“मंग माझंबी कुनी बेतलं नव्हतं.”

“नाही, मावशी. तुमचं तर नाहीच.”

गोजाबाईने पदराने डोळे पुसले, भिंगही पुसलं. “मला वाटायचं, देवानं मला जानूनबुजून वगळली. चाळीस वर्सं तेच वाटत आलं.” तिने पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. “पर हे बघितलं की वाटतं, हितं कुनाचा तरी हात फिरलाय. इतकं नाजूक काम आपसूक व्हतंय व्हय?” मग ती म्हणाली, “तुमचंबी खरं, आन हेबी खरं, असं कसं व्हईल?”

उद्धव उठला आणि खालच्या फांदीवरून दुसरं उंबर घेऊन आला. त्याला बाजूला नरांनी कोरलेलं टाचणीएवढं भोक होतं.

“हे कापू नका,” गोजाबाई म्हणाली. तिने ते तळहातावर ठेवलं. “छबू, हिकडं ये गं.”

छबूबाई सूप बाजूला सारून आली. गोजाबाईने शेजारी जागा केली, भिंग तिच्या डोळ्यापुढे धरलं.

“काय दिसतंय, आक्का? मला तर कायबी—”

“बोलू नगं. त्यास्नी श्वास लागंल.” गोजाबाईचा हात जराही हलत नव्हता. “बाया भाईर पडत्यात.”