महागाचा गडी

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाच्या दुष्काळातली गोष्ट. जिल्ह्याच्या कबड्डीसाठी कप्तान चंद्रप्पानं शेजारच्या गावचा किशनराव आपल्या संघात आणला आणि बदल्यात उन्हाळाभर आपल्या विहिरीचं पाणी त्या गावाला दिलं. किशनराव एकेकाळचा वाघ, पण तोवर त्याचे गुडघे गेलेले. पहिल्याच चढाईत समोरच्या पोरांनी त्याला उचलून आपटलं. "पाणी देऊन म्हातारा बैल आणला!" म्हणत सारं गाव चंद्रप्पाला हसलं.

ते हसू किशनरावाच्या काळजात कुसळासारखं रुतून राहिलं. पुढं म्हातारपणी उदगीरच्या बाजारात दोघांची गाठ पडली. चहावर जुनी मैदानं निघाली, गेलेले गडी निघाले, आणि किशनरावानं एकदाचं विचारून टाकलं, "चंद्रप्पा, लई महाग घेतलंस रं मला. माझे गुडघे दिसले न्हाईत का तुला?"

"दिसले की."

"मग?"

चंद्रप्पानं बशीतल्या चहावर फुंकर घातली.

"तुमच्या गावची कोरडी विहीर बी दिसली होती. फुकट देतो म्हणलं असतं, तर एक तरी घागर नेली असती का तुमच्या गावानं?"