युवराजचा लॅपटॉप

उबवणी यंत्रातलं तापमान एकोणचाळीसवर गेलं आणि हिंदुराव काचेला डोळे लावून बसला. आत साडेतीनशे गावरान अंडी, उद्या-परवा पिल्लं निघायची. दुपारी वीज खालीवर झाली आणि यंत्राच्या चिपमधला प्रोग्रामच उडाला. ओल्या गोणपाटातून गार हवा ओढणारा पंखा ठप्प. उबेचे दिवे हातानं बंद केले तरी आकडा चढतोच आहे. अंडी बाहेर काढावीत, तर सोलापूरचं ऊन बेचाळीसचं.

"चाळीस झालं की संपलं," तो म्हणाला. "आटप की गं पोरी!"

त्याची पोरगी संस्कृती, पॉलिटेक्निकला शिकणारी. यंत्र बनवणाऱ्यानं प्रोग्राम इंटरनेटवर फुकट ठेवला होता, तो तिनं उतरवून घेतला. पण चिपवर चढवायचा तर त्यासाठीची सॉफ्टवेअरची साधनं आधी लॅपटॉपवर बसवायला हवीत. लॅपटॉप युवराजचा, तिच्या थोरल्या भावाचा, दोन वर्षं कपाटात पडलेला. त्यात विंडोजऐवजी लिनक्स. चालू केल्यावर ते सरळ उघडलं, पण साधनं बसवायची म्हटलं की पासवर्ड मागे.

तिनं दादाची जन्मतारीख घातली. चूक. गाडीचा नंबर घातला. चूक.

"अक्षरं उमटंनात की! बिघडलं काय?"

"पासवर्ड दिसत न्हाय आण्णा, हितं तसंच असतंय." तिनं आईचं नाव घातलं. तेही चूक. "दादाला फोन करू?"

"न्हाय."

"आण्णा, साडेएकोणचाळीस झालं."

"न्हाय म्हणलं न्हवं!"

युवराज लग्न करून बायकोला घेऊन आला, त्या दिवशी हिंदुरावनं दोघांच्या तोंडावर दार लावलं होतं. तेव्हापासून या घरात सुनेचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती.

आकडा ३९.८ झाला. हिंदुरावनं काचेवर हात ठेवला. आतलं एक अंडं जागच्या जागी हललं, आणि तो गडी पुरता घाबरला.

"राहत," तो म्हणाला.

संस्कृतीची बोटं थांबली. आण्णांच्या तोंडून वहिनीचं नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"बघतीस काय? घाल की! त्या येड्यानं दुसरं काय ठेवलं असणार!"

पडद्यावर काहीच उमटलं नाही. तिनं एंटर दाबलं, आणि ओळींमागून ओळी धावायला लागल्या. साधनं बसली. यंत्राची वायर जोडली, तर 'परवानगी नाही'! ती दिली, पण लागू व्हायला एकदा बाहेर पडून पुन्हा आत शिरायला हवं होतं.

"आता काय झालं?"

"परत पासवर्ड मागतंय."

"मग परत घाल की! राहत, राहत!" हिंदुराव ओरडलाच.

प्रोग्राम चढला. पंखा फिरायला लागला. आकडा थोडा वेळ अडून बसला, मग उतरू लागला. हिंदुराव भिंतीला टेकून खाली बसला.

संस्कृतीनं कपाळावरचा घाम पुसला. "आण्णा, हा पासवर्ड बदलून टाकू का?"

"कशाला?" तो म्हणाला. "आता येतंय की मला म्हणायला."