नववा की दहावा

पावसानं नदी आधीच चढली होती, धरणाचे दरवाजे तासाभरात उघडणार होते आणि पुराच्या भोंग्याचा, दोघांनी लिहिलेला कोड मर्ज, म्हणजे एकत्र, होत नव्हता. एकाच ओळीत रंजूनं आणि अतुलनं वेगवेगळे आकडे टाकले होते. स्क्रीनवर दोन्ही ओळी एकाखाली एक, मधे बरोबरच्या चिन्हांची रांग. वर रंजूची ओळ: कारध्याच्या पुलाच्या खांबावरच्या नवव्या पट्ट्याला पाणी टेकलं की भोंगा वाजेल. खाली अतुलची: दहाव्या पट्ट्याला.

"एक ठेव, एक उडव," अतुल नागपूरहून फोनवर ओरडला. "लवकर!"

रंजूनं अतुलचा फोन कापला आणि कारध्याला, नदीत मासे धरणाऱ्या आपल्या बाबांना लावला.

"बाबा, आपल्या घरात पाणी कोणत्या पट्ट्याले शिरते? नवव्या का दहाव्या?"

"दहाव्या."

म्हणजे अतुलचं बरोबर. ती आपली ओळ खोडायला लागली.

"पण बाई, सातव्यालेच गावाचा रस्ता बुडते. मंग भोंगा आयकून आमी जावाचं कुठं?"

रंजूनं दोन्ही ओळी खोडल्या, सहा लिहिलं आणि कोड पाठवून दिला.

फोनमध्ये, बाबांच्या मागे, भोंगा वाजायला लागला.