उघाडीजवळचा खड्डा

परशुराम गुडघाभर चिखलात उभा राहून फावड्याने काहीतरी उकरत होता. भर दुपारची ओहोटी होती. विश्राम कांदळाच्या झाडांमागे बसून बघत होता.

परशुरामाने चिखलातून काळं काहीतरी ओढून काढलं आणि पोत्यात कोंबलं. मग वाडीकडे एकदा पाहून घेतलं आणि घाईने पोत्याचं तोंड बांधलं.

खाडी नासवणारं औषध ते हेच, विश्रामाला वाटलं. तळ्यात घालायचं आणि उरलेलं इथे पुरून ठेवायचं.

सत्त्याऐंशी साली परशुराम कुडाळची नोकरी सोडून आला आणि त्याने खाडीकाठच्या खाजणात बांध घालून कोळंबीचं, वाडीच्या बोलीत सुंगटांचं, तळं केलं. तळ्याचं पाणी खाडीत सोडायला बांधात एक उघाडी ठेवली. पहिलं वर्ष बरं गेलं. मग उघाडीपासून खालचा चिखल काळा पडत गेला. तिसऱ्या, चिखलातल्या खायच्या शिंपल्या, तोंडं उघडून मरू लागल्या. पाण्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येऊ लागला. वाडीतल्या बायका त्याच चिखलातल्या तिसऱ्या काढून मालवणच्या बाजारात विकायच्या. आता त्यांच्या टोपल्या रिकाम्या होत्या.

विश्राम होडीवर जाणारा. खाडी बायकांची आणि समुद्र पुरुषांचा, असंच वाडीत चालत आलेलं. त्याची बायको सत्यवती याच चिखलात उभी राहायची. तिच्या पायांना फोड आले, ताप भरला आणि नवरात्राच्या आधी ती गेली. डॉक्टरने कावीळ म्हणून सांगितलं. विश्रामाने पाणी म्हणून सांगितलं. वाडीने विश्रामाचं ऐकलं.

काल सगळे देवळात जमले होते. पाण्यात माझं विष नाही, असं परशुरामाने देवीच्या पायावर हात ठेवून सांगायचं. नाही सांगितलं तर बांध फोडायचा, असं ठरलं होतं.

"शपथ घेवचंय नाय," परशुराम म्हणाला. "अमावास्येपर्यंत थांबा. पाणी निवळतला."

"निवळतला ता तुका कसा कळला?" विश्रामाने विचारलं.



"सुंगटांनी कानात सांगल्यानी आसतला," कावेरी म्हणाली. ही सत्यवतीची धाकटी बहीण, याच वाडीत दिलेली. लोक हसले. परशुरामाने विश्रामाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

आता तो हाती सापडला होता. विश्राम उठला आणि वाडीकडे तोंड करून त्याने हाक मारली. लोक आले. दोघांतिघांच्या हातांत बांध फोडायच्या कुदळी होत्या. परशुरामाने पोतं पायामागे सारलं.

"काय आसा रे त्यात?" विश्रामाने विचारलं.

"माझा काम आसा. तू घरी जा."

"तुझा काम, आणि आमच्या खाडीत?"

"आयक माझा. बांध फोडूचो तर फोडा. मी आडवो येवचंय नाय. पोता तेवढा ऱ्हवांदे."

"बघा," कावेरी म्हणाली. "ह्येका तळ्यापरास पोता जड झाला."

विश्रामाने पोतं हिसकावून उपडं केलं. आतून नारळाची सोडणं, वरची तंतूंची सालं, पडली. कुजून काळी झालेली, काथ्याच्या जाळ्यात बांधलेली. वासाने पुढचे लोक मागे सरले.

कोणालाच काही कळेना. म्हातारी यमुनाबाई नाकाला पदर लावून वाकली.

"सुंभासाठी पुरलेली ही," ती म्हणाली. "वेळेर काढूकच नाय. उघाडीचा पाणी वरसून पडान खड्डो उघडो झालो आणि ही घाण सगळी तिसऱ्यांर गेली. खाली अजून किती आसत रे?"

"खूप आसत," परशुराम म्हणाला.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. चिखलात सोडणं कुजवून त्यांच्या काथ्याचं सुंभ वळत नव्हती अशी बाई वाडीत नव्हती.

"कोणाची ही?" विश्रामाने विचारलं.

"माका ठावक नाय," परशुराम पटकन म्हणाला.

"तुका ठावक आसा. तू कोणाक तरी लपयतस."

 विश्राम बायकांकडे वळला. 

"जिना ही हय कुजत ठेयल्यान, तिनाच माझी बायल मारल्यान. ती कोण आसात ती आसांदे. आज तिका देवीसमोर उभी करतलंय."

सोडणं पुरताना प्रत्येक बाई आपल्या जाळ्याला आपल्याच जुन्या लुगड्याची चिंधी बांधते. काढताना भांडण नको म्हणून. या जाळ्यालाही चिंधी होती, पण चिखलाने काळी झालेली. विश्रामाने जाळं उचललं आणि तो पाण्याकडे चालू लागला.

परशुराम आडवा आला. "विश्राम, नको."

विश्रामाने त्याला बाजूला ढकललं. कावेरी मागून धावत आली. पोतं उपडं झालं तेव्हा तिने चिंधीचं टोक चोळून पाहिलं होतं. तिचा आवाज बदलला होता.

"भावोजी, ऱ्हवांदे. आम्ही बायका काढतो सगळी. जांवदे ता."

"काल बांध फोडूक तूच पुढे होतंस. आता कित्याक ऱ्हवांदे?"

 कावेरीने यमुनाबाईचा हात धरला.

विश्राम पाण्याच्या कडेला उकिडवा बसला. चिंधी त्याने बुडवली, दोन्ही हातांनी चोळली, पिळली, पुन्हा बुडवली. मळ सुटून वाहून गेला. आधी काठ दिसला. मग जांभळा रंग दिसला, आणि त्यावरचे बारीक पिवळे ठिपके.

त्या लुगड्याचा उरलेला भाग विश्रामाच्या घरी होता. सत्यवती गेल्यापासून त्याचीच घडी उशाला घेऊन तो झोपत होता.